लाभ, टू, थ्री

मी पायली बोलतेय. हो, तीच. दुसऱ्याची किंमत काढायची झाली की लोक 'पायलीचे पन्नास' म्हणतात. मला कधी कोणी विचारलं नाही.

शहापूरच्या बाजारात मला पत्र्यातून घडवलं आणि लखमाच्या बापाने पाड्यावर आणलं. खळ्यावर भात मोजायचा मान माझा. पहिलं माप ओतताना आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. त्याने बरकत राहते म्हणे.

मग घरात वजनकाटा आला आणि मी माळ्यावर गेले. एका कोंबडीने माझ्यात संसार थाटला. तिचा स्वभाव चांगला नव्हता.

लखमाची मुलगी हर्षाली शिक्षिका व्हायला निघाली होती. तीन शाळांनी तिला परत पाठवलं होतं. आता शहापूरच्या एका इंग्रजी शाळेत नमुना पाठ होता. विषय 'हाऊ मच' आणि 'हाऊ मेनी'. अट एकच: वर्गात मराठीचा शब्द निघाला, की नोकरी गेली.

चुलीपुढे तिने आपल्या आईवर, म्हणजे लहानीवर, तालीम केली. "आये, अंड्यांना मेनी. तांदळाला मच. तांदूळ मोजता येत नाय ना."

"मोजता येत नाय? मंग आमी खळ्यावर काय गाणी बोलतो?"

"अगो, दाणे कोण मोजत बसंल? मापं मोजायची. एक पायली तांदूळ, दोन पायली तांदूळ."

मी माळ्यावर ताठ झाले. म्हणजे इंग्रजीचंही मापावाचून अडतं तर! हर्षालीने कोंबडीला हाकललं, मला राखेने घासलं. निघताना लहानीने माझ्यात मूठभर तांदूळ टाकले. "माप रिकामं नेऊ नको गो."

शाळेत मुख्याध्यापक भगीरथ सर टाय लावून मागच्या बाकावर बसले होते. अंड्यांचं नीट पार पडलं. मुलं जांभया देत 'सिक्स एग्ज' म्हणाली. मग हर्षालीने लखमाने पोचवलेली गोणी सोडली, मला भरलं, घमेल्यात ओतलं आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली.

"लाभ!"

मुलांच्या जांभया थांबल्या. हर्षालीचा चेहरा पांढराफटक पडला. मला पोरीची इतकी दया आली, की वाटलं, जमिनीवर आपटून मोठा आवाज करावा. "टू," ती कशीबशी म्हणाली, आणि घाईघाईत मला कलतं केलं. अर्धे तांदूळ फरशीवर सांडले.

सर उठले. "नो, नो! नॉट लाइक धिस!" त्यांनी टाय खांद्यावर टाकला, बाह्या वर सारल्या, उकिडवे बसले. मला शिगेपर्यंत भरलं, तळहात फिरवला. काय तो हात! मुरबाडकडच्या खळ्यावर वाढलेला हात मी लगेच ओळखला. त्यांनी मला घमेल्यावर उलटं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"लाभ!"

 मग सगळा वर्ग ओरडला, "टू! थ्री!" कारण त्यांच्याही घरी खळी होतीच.

सरांचे कान लाल झाले. टाय जागेवर घेत ते म्हणाले, "ते... इंग्रजीच समजा." हे मात्र ते मराठीत म्हणाले.

हर्षालीला नोकरी मिळाली. हल्ली मी तिच्या टेबलावर खडू सांभाळते. मुलं खडू मोजतात, पेन्सिली मोजतात, कवायतीत उड्या मोजतात. लाभ, टू, थ्री. सुरुवातीला कोणी 'वन' म्हणतच नाही. मान आहे, तक्रार नाही.

पण सध्या घरी झोडणी चालू आहे. वजनकाटा बिघडलाय आणि लहानी प्लास्टिकच्या बादलीने भात मोजते, असं ऐकलं. माझा जीव तुटतो. हर्षाली, चार दिवस मला घरी घेऊन चल. खडू काढून ठेव.

आणि माप रिकामं नेऊ नको गो.