बाहेर उघडणारं दार

हारो गावच्या बाजारातल्या काचेच्या दुकानात दिओना म्हातारी शिरली ती एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचा बुटका स्टूल घेऊन. बादलीत मगा खडखडत होता. मागून तिचा मुलगा रुएल, ही बाई आपल्या ओळखीचीच नाही असं तोंड करून.

"आई, निदान बादली तरी गाडीत ठेव. लोक बघतायत."

"बघू देत! चोरून आणलीय का? आंघोळ मी करणार, तर सामानही माझंच असणार ना!"

झालं होतं असं. ईस्टरच्या आधीच्या उपासात म्हातारी न्हाणीघरात घसरली. दार आत उघडणारं, आणि ही नेमकी दाराला टेकून पडलेली. शेजारी बाहेरून ढकलताहेत, आतून हिचं वजन. दार तसूभर हलेना. शेवटी बिजागऱ्या तोडल्या तेव्हा कुठे बाई बाहेर आली. कंबर थोडक्यात वाचली. रुएल जहाजावर खलाशी. रजा घेऊन धावत आला तो सगळं ठरवूनच. न्हाणीघर नवं करायचं, शॉवर बसवायचा, दाराऐवजी नुसता पडदा लावायचा आणि आंघोळ घालायला एक बाई ठेवायची.

बाई ठेवायची हे ऐकलं मात्र, म्हातारीचं माथंच भडकलं. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता, त्याला तिनंच न्हाऊ घातलं होतं. तिच्या हातात मगा दिसला की तो बिचारा तोंड भिंतीकडे फिरवायचा. सख्ख्या बायकोसमोर त्याची ही गत, मग पगारी बाईसमोर आपली काय होईल? "दार असेल आणि दाराआड मी एकटी असेन," तिनं ठणकावलं. "नाहीतर मी आंघोळच करणार नाही. बसा मग नाक धरून!"

शेवटी मायलेकांचा तह झाला. धोका नसलेलं दार तिनं आज शोधून दाखवायचं. नाही सापडलं, तर पडदा आणि बाई.

दुकानातली जोव्हेलिन मोठी चुणचुणीत पोरगी. "हे घ्या आजी, सरकतं दार. हल्ली सगळे हेच नेतात."

"सगळ्यांना माझे गुडघे आहेत का?" म्हातारीनं पाऊल आत टाकलं, तर खालच्या पट्टीला अंगठा अडला. "बघ! पुन्हा पडायची सोय. आणि सरकून सरकून उघडतं किती, तर अर्धं. पडले तर या फटीतून मला काढणार कशी? घडी घालून?"

मग घडीचं दार आलं. म्हातारीनं आत स्टूल मांडला, ऐसपैस बसली, पुढ्यात बादली ठेवली. जोव्हेलिननं दार ढकललं, ते आत येऊन थेट बादलीवर आदळलं.

"पण आजी, शॉवर असताना बादली कशाला?"

"इंदाय, पोरी, तुझ्या घरी शॉवर आहे?"

"आहे की."

"त्याच्याखाली काय आहे?"

पोरगी ओशाळून हसली. "बादली."

"मग? तुझ्या घरी बादली आणि मी काय धबधब्याखाली उभी राहू?"

रुएल हातातल्या मापांच्या कागदाकडे बघत राहिला. सगळी मापं त्यानं उभ्या माणसाची घेतली होती. लहानपणापासून स्वतः बादलीपुढे बसून न्हाला, आणि मापं घेताना बादली साफ विसरला.

"बाहेर उघडणारं दाखव," म्हातारी म्हणाली.

"ते जमणार नाही, आई. कमोडवर आपटतं."

"एक दार आपटतं. कपाटासारखी दोन केली तर? अर्धी अर्धी?"

रुएलनं कागद उलटसुलट करून पाहिला. आपटत नव्हतं. जोव्हेलिननं कोपऱ्यातला तसा नमुना दाखवला. धुरकट काचेची दोन पानं, खाली पट्टी नाही, कडी नाही, नुसतं लोहचुंबक. मूठसुद्धा बसल्या माणसाच्या हाताला येईल अशी लावून मिळणार होती.

म्हातारी आत गेली, पानं ओढून घेतली आणि चक्क फरशीवर आडवी झाली, पाठ दाराला टेकवून.

"मी पडलेय. उघड."

"आई, ऊठ बघू! काय हे भर दुकानात?"

"पडलेय म्हणते ना! उघड!"

रुएल जागचा हलेना. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शेजाऱ्यांनी मला लावलेला फोन चालू होता, आई," तो म्हणाला. "ते दार ठोकत होते, तू कण्हत होतीस, मला सगळं ऐकू येत होतं. आणि मी भर समुद्रात. म्हणून मला पडदा हवाय. दाराचीच भीती बसलीय मला."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काचेपलीकडे म्हातारीचे डोळे भरून आले. पण आवाज तिनं ढळू दिला नाही.

"म्हणूनच सांगतेय, तोतो, माझ्या बाळा. उघड."

त्यानं दोन्ही मुठी ओढल्या. दोन्ही पानं अलगद बाहेर आली आणि आईचा खांदा त्याच्या पायाशी आला. तो मटकन खाली बसला, दोन्ही हातांनी तिला धरलं. बराच वेळ सोडलंच नाही.

"हेच घेऊ," तो जोव्हेलिनला म्हणाला.

दार बसलं त्या दिवशी म्हातारी स्टूल घेऊन आत गेली. रुएल बाहेर उभा. पाण्याचा आवाज, मग खोकला, मग एकदम काहीतरी धाडकन पडलं. रुएलचा हात मुठीवर गेला.

"साबणाची डबी पडली रे, मी नाही!" आतून आवाज आला. "तुझा हात दिसतोय काचेतून. काढ तो."

मुठीवरची बोटं सुटायला वेळ लागला. पण त्यानं हात काढला आणि जहाजावर न्यायची बॅग भरायला गेला.