खळ्याबाहेरचा गमबूट

मी गमबूट बोलतोय. डाव्या पायाचा, काळा, पाच नंबरचा. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. आठवतं ते कुरुंदा गावातलं शिबिर. पावसाळ्याच्या तोंडावर शेतात राबणाऱ्या बायकांना आमचे जोड फुकट वाटले. नर्सबाई घसा फोडून सांगत होत्या, "बूट घाला. काही उचलायच्या आधी काठीनं हलवून बघा. साप चावलाच तर पाय हलवू नका, आवळून बांधू नका, सरळ दवाखाना गाठा." बायका माना डोलवत होत्या आणि बुटांचे नंबर बघत होत्या.

मी किसनरावांच्या सुनेच्या, रुपाच्या वाट्याला आलो. मला घालून ती हळद खुरपायला गेली, तेव्हा सोबतच्या बाया फिदीफिदी हसल्या.

"काहून गं, पोलिसात भरती झालीस व्हय?"

"झाले की. तुमालाच धरायला आले," रुपा म्हणाली आणि खुरपायला बसली. सगळा पावसाळा चिखल, काटे, विंचू मी अंगावर घेतले. तिच्या नखालाही धक्का लागू दिला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

मार्चमध्ये शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातली. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणून तिच्यावर ताडपत्री टाकली. सकाळी ऊन पडल्यावर रुपा ती काढायला निघाली, तोच बाजेवरून किसनराव ओरडले, "बूट भाईर! खळ्यात लक्ष्मी हाय."

"मामा, ताडपत्रीखाली काही असलं तर?"

"आता काय पावसाळा हाय का? आमी जन्मभर अनवाणी खळं केलं. काही झालं न्हाई."

सासऱ्याच्या शब्दापुढे सुनेचं काय चालणार! तिनं आम्हा दोघांना काढून कडेला ठेवलं आणि ताडपत्रीचं टोक हातानं उचललं. खाली घोणस होती. जिथं मी असायला हवा होतो, त्याच पायाला ती डसली. मी चार हातांवर होतो आणि नुसता बघत होतो.

किसनरावांनी घाबरून सुतळीनं पोटरी करकचून आवळली. नर्सबाईंचं बोलणं ऐकायला ते शिबिरात थोडेच गेले होते! रुपाच्या नवऱ्यानं, देविदासनं, ऑटो आणला. आधी वसमत, मग नांदेड. बावीस दिवसांनी रुपा घरी आली, पण डावं पाऊल अर्धं कापावं लागलं होतं.

"देवानं वाचवली," किसनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. वाचवली, मान्य. पण पाऊल कुणी घालवलं, हे विचारायची एकाचीही छाती झाली नाही. मला मात्र त्या माणसाचा अजून राग येतो.

यंदा पुन्हा खळ्यावर हळद पडली. परवा किसनरावांनी आम्हाला खुंटीवरून काढलं. पाच नंबरात पाय मावेनात, तर बोटं मुडपून कोंबले आणि खुशाल हळदीत शिरले.

"सापाचं काय सांगता येतंय? जपावं लागतं," ते देविदासला म्हणाले.

तेवढ्यात मजुरीच्या चार बाया आल्या. मला पायात घातलेले किसनराव खळ्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "वहाणा भाईर काढा गं! लक्ष्मी हाय."

उंबऱ्यावर बसलेल्या रुपानं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

बायांनी चपला काढून कडेला ठेवल्या. माझा आवाज त्यांना ऐकू गेला असता तर तिथंच ओरडलो असतो. आता तुम्हालाच सांगतो, बायांनो: कुणी पायातलं काढायला सांगितलं, तर आधी त्याच्या पायात काय आहे ते बघा.