काजळाचं बोट लावलेली अंडी

मित्रांनो, वाशीम परिसरातल्या समस्त राजहंसांची जननी आज तुमच्यासमोर उभी आहे. मी एक जुनी, तांबडी कोंबडी आहे. राजहंस एकूण चार आहेत आणि त्यांची अंडी माझी नव्हती. एवढं सोडलं तर वरच्या वाक्यात काही खोटं नाही.

माझे मालक दौलतराव वाशीमजवळ भाजीचा मळा करीत. मी खुडूक झाले, म्हणजे उबवायला बसायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रयागबाईंनी माझ्या टोपलीत अंडी ठेवली. एकेक अंडं वांग्याएवढं! मी आजवर घातलेल्या कुठल्याही अंड्याशी त्यांचं नातं दिसेना. मला तेव्हाच शंका आली. पण अंगात बसण्याची ऊब होती, बसले.

ही अंडी माझ्या चोचीनं उलटत नसत. मग प्रयागबाईच येऊन ती उलटायच्या, वर कोमट पाणी शिंपडायच्या. आई मी, आणि न्हाऊ घालणार त्या! कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून त्यांनी प्रत्येक अंड्याला काजळाचं बोट लावलं होतं. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे कुणाची तरी दृष्ट होती. मी मान वळवून बापूरावांकडे पाहिलं.

बापूराव हे प्रयागबाईंचे भाऊ. कामरगावाहून दोन दिवसांसाठी आले होते. कोंबडीची पिल्लं निघायचा दिवस आला आणि गेला. अंडी गप्प. बापूराव अजून तिथेच.

“बाई, कोंबडी वाळून राह्यली,” ते कळवळून म्हणाले. “काहून तिचे हाल करतं? मसाला वाट.”

“तुह्यं सारं ध्यान पातेल्यात, बापू! निंगतीन पिल्लं.”

“नासलेच असतीन,” दौलतराव म्हणाले. “त्या गोऱ्या साहेबाच्या खानसाम्यानं फुकट देल्ले, तवाच मले संशय आल्ता. फुकट कोनी काई देते का? येत्या बाजारापर्यंत पाहू. नाई निंगाले, तं बापू म्हनते तसं.”

खानसाम्यानं उलटायचं, शिंपडायचं सगळं सांगितलं होतं. राजहंसाच्या अंड्याला कोंबडीपेक्षा जास्त दिवस लागतात, तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. त्या चुकीवर आता माझी मान टांगली होती.

बाजाराचा दिवस उजाडला. बापूराव ओसरीवर लसूण सोलत बसले. घाई नव्हती; खात्री होती. मी डोळे मिटले, आणि पोटाखाली टक् असा आवाज झाला.

प्रयागबाई धावल्या. मागून बापूराव वाकले. लसूण हातातच.

“बाई, हे पिल्लू नोहे! यानं तं वहाना घातल्या!”

पायांचं मलाही पटलं नव्हतं. पण पिल्लू माझ्याच पंखाखाली शिरलं, मग मी पायांचा विषय काढला नाही. पुढे चौघं विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या डोणीत, उतरली तेव्हा मी काठावरून ऊर फुटेस्तोवर ओरडले. ती मजेत पोहली आणि ओलीचिंब होऊन माझ्या अंगाखाली आली. पाण्यावर माझा अजून विश्वास नाही.

दिवाळीत बापूराव पुन्हा आले. माझं अंडी देणं थांबलंय, हे त्यांना कामरगावात बसून कसं कळलं, देव जाणे. त्यांनी प्रेमानं माझ्याकडे हात लांबवला. त्याच क्षणी चार लांब माना भोंग्यासारख्या वाजल्या आणि बापूराव बैलगाडीवर चढले. धोतराचा सोगा खालीच, एका चोचीत.

“भाऊजी, हे साहेबाचे हेर होत!”

“म्हनलं नोतं?” दौलतराव शांतपणे म्हणाले. “फुकट देल्ले ते कायले!”

त्या दिवसापासून माझ्याकडे पाहून मळ्यात कुणी मसाल्याचं नाव काढत नाही.

तेव्हा मित्रांनो, संशय जरूर घ्या. मी आजही घेते. पण धरलेली ऊब सोडू नका. लेकरू कुणाचं, हे त्याचे पाय पाहून ठरवू नका.

आणि हो, तुमच्या घरी एखादी मोठी टोपली रिकामी पडली आहे का? दिवस मावळला की हे चारही धटिंगण अजून माझ्याच पोटाखाली शिरतात आणि माझे पाय जमिनीला लागत नाहीत.