मधली चार वर्षं

“बाई, मधली चार वर्षं शाळा बंद व्हती का?”

बहिरू पेंटरने स्टुलावर उभं राहूनच विचारलं. इंदिरानगरातल्या त्या शाळेच्या केबिनमध्ये, घड्याळाखाली, काळ्या लाकडी फळ्यावर आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांची नावं पिवळ्या रंगात लिहिलेली होती. शेवटचं नाव २०२१च्या मे महिन्यात संपत होतं. त्याखाली आज बहिरूला लिहायचं होतं : श्री. नवनाथ सोनवणे, १ जून २०२५ पासून.

भोये बाई कपाट रिकामं करत होत्या. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस.

“शाळा चालू होती,” त्या म्हणाल्या. “मी होते ना. पण प्रभारी. प्रभारींचं नाव फळ्यावर लिहीत नाहीत.”

“चार वर्षं प्रभारी?”

“चार वर्षं.”

“म्हंजे काम तुमचं आन् नाव कोणाचंच नाय,” बहिरू म्हणाला आणि ब्रश रंगात बुडवून पुन्हा कामाला लागला. रंगाऱ्याला एवढं कळलं, ते संस्थेच्या कार्यकारिणीतल्या अकरा शहाण्यांना चार वर्षांत कळलं नव्हतं. किंवा कळलं असेल, पण घाई नव्हती.

सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव साधना भोये यांचंच होतं. संस्थेने प्रस्ताव पाठवायचा, शिक्षण विभागाने मान्यता द्यायची आणि बाई कायम मुख्याध्यापिका व्हायच्या, एवढाच रस्ता. दर जूनमध्ये क्लार्क सुनील एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवायचा. “बाई, एक अर्ज द्या. हक्क आहे तुमचा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.” बाई हसायच्या. “अरे, माझं काम दिसत नाही का त्यांना?” म्हणायच्या आणि कागद परत करायच्या.

त्यांना मागता येत नसे. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून दहाव्या वर्षी त्या नाशिकच्या वसतिगृहात आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी जेवताना दुसरी भाकरी मागितली होती. “डोंगरातली पोरं ही, यांचं पोट भरतच नाही,” असं वाढणारी बाई सगळ्या पंगतीसमोर म्हणाली आणि पंगत हसली. त्या दिवसापासून साधनाने कुणाकडे काही मागितलं नाही. मिळेल तेवढ्यात भागवलं आणि त्याचा तिला अभिमानही वाटू लागला. हा अभिमान किती महागात पडणार आहे, हे मात्र तिला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत समजलं नाही.

दुसऱ्यांसाठी मात्र बाई भांडायच्या. दोन वर्षांपूर्वी रुद्र आठवीत गेला, तेव्हाची गोष्ट. रुद्रचे पाय लहानपणापासून अधू, चाकाच्या खुर्चीवर असायचा. डोकं मात्र असं तल्लख, की गणिताच्या तासाला सर फळ्यावर चुकले तर खाली मान घालून हळूच सांगायचा, “सर, वजा राहिलं.” शाळेत लिफ्ट नव्हती. आठवीपासूनचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर, ही स्थापनेपासूनची पद्धत. खाली ऑफिस, स्टाफरूम आणि लहान मुलं. बाईंनी सूचनावहीत चार ओळी लिहिल्या : रुद्रचा वर्ग तळमजल्यावर राहील, स्टाफरूम वर जाईल. खाली सही केली. सहीपुढे, दरवेळेसारखंच, वळणदार अक्षरात ‘प्रभारी’.

स्टाफरूममध्ये हाहाकार उडाला. पंचवीस जणांचे पन्नास गुडघे एका दिवसात दुखू लागले. सोनवणे सर तेव्हा सगळ्यांच्या वतीने केबिनमध्ये आले होते. “बाई, एका मुलासाठी पंचवीस माणसं जिने चढणार?”

“तो चढू शकत नाही, सर. आपण चढू शकतो.”

एवढ्यावर विषय संपला होता. पुढच्या वर्षी नववीचा वर्गही खालीच राहिला. रुद्र मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला बसून क्रिकेटचे गुण लिहायला लागला. पुढे पुढे तर त्याने निकाल दिल्याशिवाय कुणी आउट होईना. बाई केबिनच्या खिडकीतून ते बघायच्या. चार वर्षांत आपण नक्की काय केलं, असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी त्या खिडकीकडे बोट दाखवलं असतं.

दुपारी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. सोनवणे सरांनी भाषणात बाईंना ‘या शाळेची माउली’ म्हटलं आणि म्हणताना रुमालाने खरोखरच डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. चहा झाल्यावर बाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, एकच. रुद्र आता दहावीला. त्याचा वर्ग खालीच ठेवा.”

सर जरा घुटमळले. “बाई, काल स्टाफरूममध्ये विषय निघाला होता. दहावीला शांतता लागते, वर्ग वरच पाहिजे असं ठरलंय. लिफ्टचा प्रस्ताव आपण पाठवतोच आहोत.”

“सूचनावहीत आदेश आहे माझा.”

“आहे ना. पण...” सरांनी नजर चपलांकडे नेली. “संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, प्रभारींचे आदेश त्यांच्या काळापुरते. कायम मुख्याध्यापकाचा असता तर बदलायला कार्यकारिणीचा ठराव लागला असता. मी काय करू, सांगा.”

बाईंच्या हातातला नारळ एकाएकी जड झाला. ते नाव आपण मागितलं नाही, म्हणून आपला आदेशही उपरा ठरला, आणि त्याची भरपाई एक पोर करणार. मानाची गोष्ट म्हणून जी आपण सोडून दिली, ती मानाची नव्हतीच, कामाची होती. आयुष्यभर मागितलं नाही याचा केवढा तोरा! त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की पंगतीतली ती लाज तिच्यापुढे काहीच नव्हती.

केबिनमध्ये बहिरूचं काम संपत आलं होतं. त्याने आवाज खाली आणला. “बाई, मधी बारीक जागा हाय. तुमचं नाव टाकू का? कोणाला इचारायचं नाय.”

“नको रे,” बाई म्हणाल्या. “आता उशीर झाला.”

जूनच्या अखेरीस बाई पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला शाळेत आल्या. गेटजवळ सिंधुबाई शिपाईण भेटली. तिने हात धरले, तब्येत विचारली आणि मग न विचारताच सांगू लागली.

“रुद्रचा बाप रोज सकाळी उचलून वर नेतो त्याला. मंग पळत जातो, ओझरच्या कंपनीची बस धरायला. पोरगं मोठं झालंय बाई, बापाला झेपत नाय, जिन्यात दोनदा टेकतो. आन् सुट्टीत कोण आणणार खाली? बसून ऱ्हातं एकटं वर्गात.” तिने पदर तोंडाला लावला. “पाणी पीत नाय दिवसभर. बाथरूम खाली हाय ना. मी बाटली नेली तं म्हणतो, मावशी, नको, मला तहान नाय लागत.”

बाई ऑफिसात गेल्या. सुनीलने दाखवल्या तिथे सह्या केल्या. मग म्हणाल्या, “एक कोरा कागद दे.”

सुनीलने वर पाहिलं. चार वर्षं दर जूनमध्ये ज्या कागदासाठी तो मागे लागला होता, तो आज बाई स्वतः मागत होत्या. त्याने निमूट कागद दिला. बाईंनी अर्ज लिहिला. अध्यक्ष, शिक्षण संस्था यांस. इयत्ता दहावीचा एक वर्ग तळमजल्यावर आणण्याबाबत. विनंती, असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून लिहिलं. खाली सही केली आणि पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग सहीखाली लिहिलं : माजी मुख्याध्यापिका. मागे काही नाही, पुढे काही नाही.

सुनीलने वाचलं. “बाई,” तो हळूच म्हणाला, “कार्यकारिणीची बैठक आता दिवाळीनंतर. आणि माजी माणसाचा अर्ज...”

“माहीत आहे. आवक नंबर टाक. मला पोच दे.”

त्याने शिक्का मारला, नंबर टाकला आणि पोच दिली. बाईंनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दोन्ही मजल्यांवरची पोरं जिन्यावरून आरडाओरडा करत उतरू लागली. बाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पोरं जाता जाता “बाई, नमस्ते” म्हणत होती, कुणी वाकून पायाला हात लावत होती. दहावीची मुलं आली. क्रिकेटची बॅट आली, चेंडू आला. गुण लिहायची वही कुणाच्याच हातात नव्हती. हळूहळू जिना रिकामा झाला.

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या सिंधुबाईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, कठडा धरला आणि त्या वर चढू लागल्या.