अण्णांच्या डोक्यावरचा पट्टा

माझ्या सासऱ्यांसारखा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे त्यांच्या तोंडावर बोलायची आमच्याकडे सोय नाही, आणि बोलले तरी ते "चहा टाका" म्हणून विषय मोडतील. म्हणून लिहून ठेवते.

देवळाली प्रवराला बसस्टँडमागे आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. उसाच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळायला मुहूर्त लागत नाही, आणि जळाली की आत नवी तार भरून घ्यायला ती रंभाजी अण्णांकडे येते. अण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं तांब्याच्या तारा गुंडाळून त्यांची बोटं काळी पडली आहेत. त्यांची एक रीत आहे. भरलेली मोटार चालू करायची, चपला काढून ओल्या जमिनीवर उभं राहायचं आणि उलटा हात मोटारीला लावायचा. मग मीटर काहीही म्हणो. "शेतकरी वल्या रानात उभा ऱ्हातो. शॉक बसायचाच तर आदी मला बसू दे," म्हणतात. दोनदा बसलेलाही आहे.

माझ्याशी मात्र सात वर्षांत ते सात वाक्यं बोलले असतील. त्यांनी घरात शिरताना खाकरायचं, मी पदर घ्यायचा, आणि हवं-नको ते सासूबाईंमार्फत कळवायचं. "सूनबाईला म्हनावं, मीठ जास्त झालंय." मी समोरच उभी असायची. बीएस्सी झालेल्या मला हा प्रकार सुरुवातीला फार विनोदी वाटायचा. पुढे अंगवळणी पडला.

गेल्या वर्षी पौषात माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. त्यानंतर माझं काय झालं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. उठवलं तर उठायची, नाहीतर पडून असायची. भाकरी तव्यावर करपायची आणि मला वाससुद्धा यायचा नाही. आमचं घर मळ्यात आहे, मागच्या दारातून विहीर दिसते. मी तिच्याकडे बघत बसायची. जरा जास्तच बघत बसायची. हे मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. कोणी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायच्या, "वेड्याच्या डॉक्टरकडं? पाव्हण्यारावळ्यांत तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का?" माझे यजमान प्रशांत पडले शहाणे. त्यांनी मधला मार्ग काढला आणि मोबाईलवरून एक मशीन मागवलं. डोक्याला पट्टा बांधायचा, कपाळावर दोन ओले स्पंज, बारीकसा करंट, रोज वीस मिनिटं, की मन प्रसन्न! खोक्यावर एक गोरी बाई पट्टा बांधून हसत होती. तिचं बहुधा काही गेलेलं नसावं.

घरात करंटचा विषय निघाला की शेवटचा शब्द अण्णांचा. पण पट्टा बसवायचा सुनेच्या कपाळावर, तोही पदर काढून, सासऱ्यासमोर. ते काही शक्य नव्हतं. अण्णांनी खोकं काखेत मारलं आणि आत्यांना म्हणाले, "तपासल्याबिगर सुनंच्या डोक्याला करंट लागायचा न्हाई. आठ दिस मी लावतो."

दुकानात त्यांनी आधी मोटारीचा करंट मोजायचा मीटर पट्ट्याच्या वायरला लावला. मीटरने शून्य दाखवलं. पाच हॉर्सपॉवरची मोटार सात-आठ अँपिअर ओढते. पट्ट्यातला करंट त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही नाही, तो त्या मीटरला दिसणार कसा? पण अण्णांनी निकाल देऊन टाकला, "मशीन मेलेलं हाय. फसवलं पोराला." तरी रीत ती रीत, म्हणून डोक्याला बांधलं. आणि मेलेलंच आहे तर भ्यायचं कशाला, म्हणून मशीनवरचा करंटचा आकडा पार शेवटाला नेला. डोळ्यांपुढे लख्ख चमकलं, हातातला चहा मांडीवर सांडला आणि अण्णा "आगं आई गं" करत दुकानाबाहेर आले. हे सांगताना प्रशांत हसून लोळले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा खाली घेतला, स्पंज भिजवले आणि सगळ्यांदेखत पट्टा बांधून कामाला बसले. रोज, भर दुपारी. गिऱ्हाइकांना आयताच विषय मिळाला. कोल्हारचे अजिनाथ म्हणून एक बागायतदार मोटार न्यायला आले होते. ते म्हणाले, "आन्ना, डोकं चार्जिंगला लावलं का काय?"

अण्णा तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "सुनंचं मशीन हाय. तिचं बाळ गेलं. तवापास्नं तिचं मन आजारी हाय. म्हनून आदी मी लावून बघतोय."

चार महिने आम्ही दाराआड दडवलेली गोष्ट त्यांनी बसस्टँडवर सांगून टाकली! संध्याकाळपर्यंत गावभर झाली. आत्यांनी कपाळ बडवून घेतलं, "घर चव्हाट्यावर मांडलंत!" मीही भडकले, इतकी की हातातली परात आपटली. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं होतं, आणि ते म्हणजे सासऱ्यांचा राग.

तिसऱ्या दिवशी अजिनाथांची बायको राहीबाई एसटीने आमच्या घरी आली. ना सोयरीक, ना ओळख. सरळ माझ्याशेजारी उंबऱ्यात बसली.

"मालकांनी सांगितलं तुझं," ती म्हणाली. "बाई, मी तीन वर्सं गोळ्या घेते, श्रीरामपूरच्या डॉक्टरकडनं. आमच्या गावात कुनालाच ठावं न्हाई. आज तुला सांगितलं." तिने पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. आत्या चहा घेऊन आल्या होत्या, त्या कपबश्या धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर वेड्याचा डॉक्टर हा शब्द त्यांनी काढला नाही.

आठव्या दिवशी अण्णा घरी आले, खाकरले, मी पदर घेतला. पण ते आत्यांकडे न बघता माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वृषाली." माझं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मशीन चावत न्हाई. कपाळाला मुंग्या येत्यात, बास. डॉक्टरच्या नजरंखाली कुनाला गुन येतबी आसंल. मला न्हाई आला. माझं मन हुतं तितंच हाय. तवा नुसतं ह्याच्या भरवशावर तुला सोडनार न्हाई. उद्या श्रीरामपूरला जायचं. मी येतो संगं."

घेतलेली वस्तू फसली तरी चांगलीच आहे म्हणून मिरवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. या माणसाने आठ दिवस गावाचं हसू सोसलं, आणि वर खरं तेच सांगितलं. त्या दिवशी माझा राग गेला.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?"

"दोगं," अण्णा म्हणाले. मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणताहेत.

आत डॉक्टरांनी आधी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय होतंय, बाबा?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ ती चाचपत बसले. "नातीचं नाव ठरवलं हुतं मी," ते म्हणाले. "नातच हुनार आसं वाटायचं. ज्ञानेश्वरी ठेवनार हुतो. कुनाला बोललो न्हवतो. सासऱ्यानं कसं बोलायचं? आता झोप न्हाई. तारंचं येढं मोजताना आकडा चुकतो. चाळीस वर्सांत कदी चुकला न्हवता."

माझ्या मुलीला नाव होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की या घरात तिच्यासाठी मी एकटीच झुरते आहे. मला रडू आलं आणि ते आवरावंसं वाटलं नाही.

अण्णा उठले. "तू बोल, पोरी. मी भाईर बसतो." सुनेचं मन सासऱ्याने ऐकू नये, ही आमच्याकडची मर्यादा.

"बसा, अण्णा," मी म्हणाले.

ते बसले. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मला जगावंसं वाटत नाही, हे मी अण्णांच्या देखत, मोठ्याने, पहिल्यांदा बोलले.