बेंदूर नसताना रंगवलेली शिंगं

आमच्या घरात एकच खटला आहे आणि तो साठ वर्षं चाललाय. सर्जा मारका होता की नव्हता? सर्जा म्हणजे आईच्या माहेरचा खिलार बैल. आई म्हणते नव्हता, नानामामा म्हणतो होता. एरवी बहीणभाऊ एकमेकांवर जीव टाकतात, पण हा विषय निघाला की भरली ताटं तशीच राहतात. लहानपणापासून ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

झालं होतं असं. आई नऊ-दहा वर्षांची असताना खटाव तालुक्यातल्या त्यांच्या गावाजवळ, तळ्याकाठी, सिनेमाचं शूटिंग लागलं. सिनेमा 'तळ्याकाठची शिंगं', एका रहस्यकादंबरीवरून काढलेला. इनामदारांच्या घराण्याला शाप असतो. दर पिढीत धुक्यातून भुताचा बैल येतो आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला घेऊन जातो. शेवटी डिटेक्टिव्ह सिद्ध करतो की बैल खराखुरा आहे, भुताटकी माणसांची आहे. कादंबरीत हा बैल दोन ओळींत येऊन जातो म्हणे. सिनेमातलं त्याचं येणं मात्र जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. तो बैल म्हणजे सर्जा.

अंधारात चमकावीत म्हणून कंपनीच्या लोकांनी त्याची शिंगं पांढरीफेक रंगवली. आई कॅमेऱ्याच्या मागे बघ्यांत उभी होती. सर्जाला सोडला तसा तो सुसाट तिच्याच दिशेने आला. आईने घाबरून डोळे मिटले. मामाने, तेव्हा तो चौदा-पंधराचा असेल, तिला बाजूला ओढली आणि बैलाच्या तोंडावर काठी हाणली. बैल मारका झाला म्हणून आजोबांनी तो पुढच्याच बाजारात विकला. मारका म्हणून विकलेला बैल शेवटी कुठं जातो, हे घरात कुणी बोलत नाही.

"अगं, दर बेंदराला शिंगं रंगवली की पयली पुरणपोळी माज्या हातची खायाचा त्यो," आई सांगायची. "शिंगाला रंग लागला, त्याला वाटलं बेंदूर हाय. पोळी मागाय आलता."

"डोळं मिटून बघितलंस व्हय?" मामा म्हणायचा. "मी नसतो तर तू न्हवतीस, शालू."

तो सिनेमा घरच्या कुणी कधी धड पाहिला नाही. मोबाइलवर सापडते ती प्रत इतकी धुरकट आहे, की बैल की म्हैस तेही कळत नाही. यंदा आमच्या शहरात, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात जुनी प्रिंट स्वच्छ करून दाखवणार असं समजलं. मी गाडी काढली आणि मामाला खटावहून घेऊन आले. प्रेमाने म्हणाल तर नाही. एकदाचा निकाल लागावा आणि माझी सुटका व्हावी, एवढंच.

सिनेमा संथ होता. पाठ अवघडली, दोन जांभया आल्या. मग तळं आलं, धूर आला आणि धुरातून दोन पांढरी शिंगं आली. पोरंपोरी किंचाळल्या. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

बैल थेट आमच्याकडे धावत होता. मारका बैल मान खाली घालतो आणि शिंगं पुढे करतो, एवढं मी शहरात वाढले तरी मला माहीत आहे. सर्जाची मान वर होती. कान पुढे होते. जवळ आल्यावर त्याने वेग कमी केला, तोंड उघडलं आणि जीभ लांब बाहेर काढली. बघणाऱ्यांना तो जबडा वाटला असणार. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

अंधारात मामाचा आवाज आला. "शालू, मान वर हाय गं."

आईने खुर्चीचा हात सोडला.

"पोळीच मागतोय त्यो," मामा म्हणाला. "आनि मी त्याच्या तोंडावर हाणली."

गाडीत बसल्यावर मला हायसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी आईला म्हटलं, "जिंकलीस बाई एकदाची. आता तरी हा विषय बंद." मागच्या सीटवर मामा खिडकीकडे तोंड करून बसला होता. आई स्वतःचे हात बघत होती.

"इतकी वरसं नानाशी भांडले," ती म्हणाली, "पर आत कुटंतरी वाटायचं, नानाच खरं बोलत आसंल. त्या भरवशावर झोप लागायची. आता कसली झोप? त्यो माज्याकडंच आलता, आनि माजा हात रिकामा हुता."

मी गाडी सुरू केली नाही.

"मारका आसता तर बरं झालं आसतं गं," आई म्हणाली.