डॉक्टरांचे ओठ

"मोजे काढ की, सेलिना! समुद्र काही चावत नाही."

"आधी तूच बूड. वर्षाकाठची आंघोळ तरी होईल."

एनॉक खोकत खोकत हसला आणि विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याकडे निघाला. त्यांची पंधरा वर्षांची नेली जवळच शिंपले वेचत होती.

जुलैत गिरणीला आठवडाभर सुट्टी लागली की सगळं गाव ब्लॅकपूलला लोटायचं. १९०८ सालीही लोटलं होतं. त्यामुळे पाण्याच्या कडेला एनॉकला गावचेच डॉक्टर भेटले यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्याने मुद्दाम इकडे पाठ करून उभं राहण्याचं. सेलिनाने वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली होती. तिथे कानांचा उपयोग शून्य. बायका एकमेकींचे ओठ बघूनच गप्पा मारायच्या. नवऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण डॉक्टरांचं तोंड इकडेच आहे, हे काही त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

माझ्याच चुगल्या चालल्या असणार, असं म्हणत सेलिना मजेत वाचू लागली.

'रुईची धूळ, एनॉक. दोन्ही फुप्फुसं गेलीत,' डॉक्टर म्हणत होते. 'फार तर नाताळपर्यंत.' मग एनॉकचं काहीतरी ऐकून घेऊन, 'बरं. तिला नाही सांगत.'

सेलिनाच्या हातातला पाव वाळूत पडला. गाढवांवर पोरं बसत होती, बँड वाजत होता. हे सगळं अजून चालू कसं, हेच तिला कळेना. तिला किंचाळावंसं वाटलं.

एनॉक परत आला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"इथली हवा मला मानवलीय म्हणे. पुढच्या वर्षी दोन आठवडे या म्हणाले!"

"त्यांचं काय जातंय बोलायला!" आपला आवाज नेहमीसारखाच निघाला, याने ती स्वतःच हबकली. तिने घाईने एक मोजा काढला. दुसऱ्याचा बंद काही केल्या सुटेना.

तिने मान वर केली. एनॉकच्या पाठीमागे नेली उभी होती. पोरगी मागावर लागून जेमतेम सहा महिने झाले होते. तिला एवढ्यात ओठ कुठले वाचता येणार, असं आई धरून चालली होती. नेलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नेलीचे ओठ आवाज न करता हलले. 'आई, नाताळ किती लांब आहे गं?'

दोघींच्या मधे बसून एनॉक पावाची वाळू झटकत होता.

'पुष्कळ,' सेलिनाही ओठांनीच म्हणाली. मग तिने नवऱ्याचा हात धरून त्याला उठवलं आणि एका पायात मोजा तसाच ठेवून ती पाण्यात उतरली.